कपडे पिळायचं यंत्र, साधारण १९७०

वूच, १४ मार्च २०१२

माननीय श्री. चेझारी द्रोबन्याक,
तात्पुरती प्रदर्शनं विभाग, वॉर्सा

महाशय,

आपल्या संग्रहालयाचं पत्र पोचलं. त्यात मला ‘वस्तूंची मालक’ असं संबोधलं आहे. आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ नावांनी हाक मारली, पण हे नाव पोटच्या पोराकडून येईल असं वाटलं नव्हतं. खाली सही तुझीच आहे, शेजारी शिक्काही आहे. छान.

तर मालकीणबाई कळवतात, की काल सकाळी तुझी दोन माणसं आणि ऑलिव्हिया नावाची मुलगी येऊन तुझ्या बापाची खोली उचलून घेऊन गेली. टेबल, दिवा, बसून बसून खड्डा पडलेली खुर्ची, टाइपरायटर, भिंतीवरची सगळी चित्रं. भिंतींवर आता नुसते फिकट चौकोन उरलेत. राखदाणी उचलताना त्या मुलीने पांढरे हातमोजे घातले आणि ती तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांवर घेऊन खाली नेली. तीच राखदाणी मी तीस वर्षं विसळत होते. तेव्हा मला कुणी हातमोजे दिले नव्हते.

मुलगी वाईट नाही. चहा प्यायली, खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि प्रदर्शनात काय काय असणार ते सांगत बसली. लष्करी राजवटीतल्या कविता, त्या काळातली चित्रं, चोरून छापलेली पुस्तकं, आणि सगळ्यांच्या मधोमध तुझा बाप, आमचा इग्नात्सी. मग म्हणाली, “घरातलं काही आहे का हो? कवीच्या रोजच्या जगण्यातलं?”

मी तळघरात गेले आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं कपडे पिळायचं यंत्र घेऊन आले, दोन रबरी रूळ आणि ते फिरवायचा दांडा. म्हटलं, “हे ने. चारेकला, म्हणजे तुमच्या साहेबांना, म्हणावं, स्वतः उघडून बघ.”

हे पत्र एवढ्याचसाठी. समेटाचं आहे असं समजू नकोस. बापाच्या मयताला तू माझ्याबद्दल जे वाचलंस ते मी विसरलेले नाही. ‘जिने कवीचं घर उबदार ठेवलं.’ घर उबदार ठेवायला रेडिएटर असतात, चारेक. मी कबरीवरून तशीच घरी निघून गेले, दफनानंतरच्या जेवणाला थांबले नाही, म्हणून तुझ्या आत्यांनी माझ्या नावाने बोटं मोडली. मोडू देत. तू दोन वर्षं फोन केला नाहीस, तेही चालवून घेतलं.

पण ते यंत्र उघडून बघ. रूळ बघ. मग फोन कर.

लेओकादिया द्रोबन्याक
(वस्तूंची मालक)


वूच, ३० एप्रिल

चारेक,

उद्घाटनाचं निमंत्रण आलं. कागद इतका जाड की त्याने मासा कापता येईल. फोन मात्र आला नाही.

तुझ्या ऑलिव्हियाने वेगळं पत्र पाठवलंय. ‘यंत्र सुखरूप पोचलं असून आमच्या प्रयोगशाळेने त्याची विशेष काळजी घेतली आहे.’ हे वाचून मला, खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, बघितलं वाटतं पोराने. मग फोन का करत नाही? बहुतेक लाज वाटत असेल. तुला लाज वाटतेय ह्या कल्पनेने माझे दोन-तीन दिवस फार सुखात गेले. बीटच्या पाल्याचं सूप करतानाही फोन ओट्यावर घेऊन बसत होते.

आता सुख संपलं आणि डोकं तापलंय. तू ते यंत्र बघितलंस की नाही? बाकी काही बघू नकोस, फक्त दोन रबरी रूळ बघ. ते काळे का आहेत हा प्रश्न तुला पडला पाहिजे. तू डॉक्टरेट केलेला माणूस आहेस. ‘गुप्त छपाईचा इतिहास’ असा तुझा विषय आहे असं मला शेजारणीच्या वर्तमानपत्रातून कळतं.

उद्घाटनाला येणार नाही. हातात वाइनचा ग्लास धरून ‘हो ना, फार मोठा माणूस होता’ असं म्हणत उभं राहण्याचं काम मी पुष्कळ केलंय.

आई


वूच, १३ जून

चेझारी,

काल मी येऊन गेले. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण मी कुणालाच नाव सांगितलं नाही. पेन्शनर बाईचं तिकीट काढलं आणि आत गेले.

दिवस नेमका रशियाबरोबरच्या फुटबॉल मॅचचा. इथल्या विझेव स्टेशनपासूनच गाडीत उभं राहायला जागा नव्हती. लाल-पांढरे पट्टे गालांवर ओढलेली पोरं वॉर्सापर्यंत घसा फाटेस्तोवर गात होती. त्यातल्या एकाने मला बसायला जागा दिली आणि विचारलं, “आजी, कोण जिंकणार?” मी म्हटलं, माझ्या आयुष्यात मी आपल्या लोकांना जिंकल्यानंतरच भांडताना बघितलंय. तो फार हसला.

तर तुझं प्रदर्शन. दारातच इग्नात्सीचा भिंतभर फोटो, ओठात सिगारेट. पहिल्या दालनात आमची खोली जशीच्या तशी, पुढे दोरी. मी दोरीच्या अलीकडे उभी, माझ्याच घराच्या. चित्रं चांगली लावलीत, ते कबूल करते. दुसरं दालन छापखान्याचं. तिथे कुठून तरी आणलेलं एक भलंमोठं लोखंडी सायक्लोस्टाइल यंत्र, आणि काचेत ‘कुंपणाआतून’ची प्रत. खाली लिहिलंय: ‘कवी नजरकैदेच्या छावणीत असताना, १९८२ च्या वसंतात, अशाच एखाद्या यंत्रावर अज्ञात मित्रांनी हा संग्रह छापला.’

अज्ञात मित्र.

तरी मी धीर धरला. म्हटलं, पुढे असेल. पुढे तिसरं दालन, ‘कवीचं घर’. कॉफी दळायची चक्की, तुझा लाकडी घोडा, आणि माझं यंत्र. रूळ नव्या खोडरबरासारखे पांढरेशुभ्र. आणि पाटीवर: ‘कपडे पिळायचं यंत्र, साधारण १९७०. कवीच्या पत्नीच्या वापरातलं.’ त्याखाली तुझं वाक्य, तिरप्या अक्षरांत: ‘आईच्या धुण्याचा आवाज ऐकत मी झोपी जात असे.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात शाळेच्या मुलींचा एक घोळका आला. माहिती सांगणारी बाई म्हणाली, बघा, तेव्हा बायकांना किती कष्ट पडायचे. एका मुलीने विचारलं, कवी मदत करायचे का? बाई हसून म्हणाली, कवी कविता करायचे.

मी म्हटलं, “ब्याऐंशीपासून ह्यावर एकही कपडा पिळलेला नाही.”

ती माझ्याकडे वळली आणि फार गोड आवाजात म्हणाली, “आजी, तुमच्याकडेही असंच होतं का?”

“माझ्याकडे हेच होतं. ह्याचे रूळ काळे होते. तो काळा रंग कुठे गेला?”

तिने सांगितलं, प्रयोगशाळेत साफ केलं असेल, ह्या जुन्या वस्तू येतात तेव्हा भयंकर घाण असतात. मग कोपऱ्यातल्या रखवालदार बाईने मला खुर्ची दिली आणि पाणी आणलं. मला चक्कर आलीय असं त्यांना वाटलं. मुली पुढे गेल्या. मी त्या खुर्चीवर, माझ्या यंत्रासमोर, आजारी म्हातारी होऊन बसले.

आता ऐक. तू बघून ओळखशील म्हणून मी वाट बघितली. तू ओळखलं नाहीस, म्हणून सरळ सांगते.

एक्याऐंशीच्या डिसेंबरात इग्नात्सीला उचलून छावणीत टाकलं, एवढं तुझ्या पाटीवर बरोबर आहे. भेटीच्या दिवशी मी त्याला धुतलेले कपडे नेऊन द्यायचे आणि मळके घेऊन यायचे. मळक्या शर्टांच्या कॉलरीत सिगारेटचे कागद शिवलेले असायचे, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत कविता. मी कॉलरी उसवायचे. खालच्या मजल्यावरच्या कुबाशिक बाईंकडे बसून मी त्या कविता स्टेन्सिलवर टाइप करायचे, आणि कोरे कागद बाई स्वतः बाबागाडीत बाळाखाली घालून आणायच्या. पिळायचं यंत्र मी धुलाईच्या मशीनवरून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलाला घट्ट बसवलं होतं. स्टेन्सिल, शाई, कोरा कागद, आणि फिरव दांडा. शाई दुकानात मिळत नव्हती. ती मी कापडगिरणीतला रंग कपडे धुण्याच्या पेस्टमध्ये कालवून बनवायचे. मी रंगखात्यात होते, निदान तेवढं तरी तुला आठवतं का?

हे सगळं दुपारी, पहिली पाळी संपवून आल्यावर. संचारबंदीत संध्याकाळनंतर टाचणी पडली तरी सगळ्या जिन्याला ऐकू जायचं. दुपारी धुणं धुणाऱ्या बाईकडे कोण बघतो? तुला आतल्या खोलीत झोपवायचे. तू विचारायचास, आई, कसला आवाज? मी म्हणायचे, कपडे पिळतेय, झोप. तू सहा वर्षांचा होतास, आणि तुझ्या शिक्षिकेचा नवरा पोलिसात होता. मी खोटं बोलले आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. परत वेळ आली तर परत तसंच बोलेन. स्वयंपाकघरात आडव्या बांधलेल्या ओल्या चादरींच्या पलीकडे तुला यायची बंदी होती. त्या चादरींमागे दोऱ्यांवर तुझ्या बापाच्या कविता चिमटे लावून वाळत असायच्या.

झडतीही झाली. एका पोलिसाने रुळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काळं कसलं? मी म्हटलं, नवऱ्याची पँट. सरकारी कापड, पिळलं की रंग सोडतं. तो हसला, म्हणाला माझी बायकोही हेच म्हणते, आणि निघून गेला. मी दार लावलं आणि जमिनीवर बसले.

त्या पोलिसाच्या हातून जे पुसलं गेलं नाही, ते तुझ्या प्रयोगशाळेने कापसाच्या बोळ्याने पुसलं. विशेष काळजी घेऊन.

पाटी बदल.

आई


वूच, २६ जून

चारेक,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं, परिच्छेद पाडलेलं. ‘तुझ्या भावना मी समजू शकतो’ अशी सुरुवात वाचूनच मी ते फेकणार होते.

तू म्हणतोस, स्रोत हवा. सल्लागार मंडळ पुरावा मागेल. कुबाशिक बाई हयात नाहीत, रूळ साफ झाले, आणि बाबांनी प्रत्येक मुलाखतीत ‘अज्ञात मित्र’ असंच म्हटलंय. बाबा का खोटं बोलतील, असं तू विचारतोस.

सांगते. राजवट उलटल्यावर जो तो येऊन आपण काय काय केलं ते सांगू लागला. ज्यांनी फक्त पडदे ओढून घेतले होते तेही छातीवर पदकं लावून फिरत होते. इग्नात्सीला पदक मिळालं त्या सकाळी मी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. मी म्हटलं, आता सांगून टाक की. त्यावर तो काय म्हणाला ते अक्षरशः लिहिते.

“लोज्या, अज्ञात हात म्हटलं की वाचायला बरं वाटतं. बायकोचे हात म्हटलं की सगळा घरगुती मामला होतो. सध्या राहू दे.”

मी इस्त्री बाजूला ठेवली. म्हटलं, तुझा शर्ट तूच घाल तसाच चुरगळलेला. तो हसला, माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि चुरगळलेल्या शर्टात पदक घेऊन आला. वर्तमानपत्राने लिहिलं, कवीची साधी राहणी.

मग त्याचं हृदय बिघडलं. मग डोळे गेले. आंधळ्या माणसाशी ह्या विषयावर भांडायला माझी जीभ उचलली नाही. मी मूग गिळून बसले, आणि लोकांना वाटलं मला बोलण्यासारखं काही नाही.

तू लिहितोस, ‘प्रदर्शन तात्पुरतं आहे, आई. ऑक्टोबरात उतरवू. पुढे व्रोत्सुआफला जाईल तेव्हा विचार करता येईल.’ तात्पुरतं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. ‘सध्या राहू दे’ हेही तात्पुरतंच होतं. त्यात माझे केस पांढरे झाले.

आणि शेवटी, टाइप न करता हाताने, तू लिहिलंयस: ‘तो आवाज ही तुझ्याबद्दलची माझी एकच चांगली आठवण आहे. ती माझ्याकडून काढून घेऊ नकोस.’

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. स्ट्रॉबेऱ्या साखर घालून ठेवल्या होत्या, त्यांचं पाणी पाणी झालं. आणि मग मला इतका राग आला, इतका राग आला, की जारांची झाकणं बसेनात. एकच चांगली आठवण? ताप आला की रात्रंदिवस उशाशी कोण होतं? दुधासाठी पहाटेपासून रांगेत कोण उभं राहत होतं? बापाने तुला घोडा दिला, तो तुला आठवतो. तो घोडा प्रदर्शनात आहे.

मी तुझं काहीही काढून घेत नाही. आवाज तोच होता. हात माझाच होता. तू झोपला होतास, एवढंच.

आता व्यवहाराचं. पाटीवर माझं नाव येणार नसेल तर मी यंत्र परत नेणार. त्याच्याबरोबर टेबल, दिवा, खुर्ची, राखदाणी, सगळं. पहिलं दालन रिकामं कर आणि लोकांना दोरी दाखव. मालक मी आहे. तुझ्याच पत्रात लिहिलंय.

आई


वूच, ९ जुलै

चारेक,

काल फोनवर मी ओरडले. खालच्या मजल्यावरचे लोक आज जिन्यात माझ्याकडे बघून बाजूला होत होते. ओरडल्याचं मला वाईट वाटत नाही, पण काही गोष्टी ओरडण्याच्या भरात राहून गेल्या, त्या लिहिते.

तू संग्रहालयाच्या तळघरातल्या भांडारात गेलास आणि साफ करण्याआधी काढलेले फोटो मागवून बघितलेस, हे चांगलं केलंस. फोटोत रूळ काळे दिसतात, आणि कडेला उलटी उमटलेली अक्षरं दिसतात, असं तू म्हणालास. ती असणारच. शेवटच्या पानाच्या वेळी स्टेन्सिल फाटली होती आणि अक्षरं थेट रुळावर उमटली होती. आणि तू म्हणालास, “‘डाग काढावेत’ ह्या कागदावर सही माझीच आहे, आई. मी फोटो न बघताच सही केली.” हे तू स्वतःहून सांगितलंस, ऑलिव्हियावर ढकललं नाहीस, त्याची नोंद मी घेतलीय. त्या मुलीला रागावू नकोस. तिला काय माहीत?

मग तू नवी पाटी वाचून दाखवलीस. ‘कवी छावणीत असताना त्यांच्या पत्नीच्या साहाय्याने छापण्यात आलेला.’ तेव्हा मी ओरडले. अजूनही ओरडेन. मी कुणाला साहाय्य करत होते? तो तिकडे छावणीत बटाटे सोलत होता. कुबाशिक बाई कागद आणून देत होत्या, आणि साहाय्य म्हणायचंच तर ते त्यांचं होतं, त्यांचंही नाव घाल. बाकी त्या टेबलाशी मी एकटी होते.

मला वाटलं, तू फोन ठेवलास. मग कागदाचा आवाज आला आणि तू वाचलंस: ‘ह्या यंत्रावर लेओकादिया द्रोबन्याक यांनी १९८२ मध्ये “कुंपणाआतून” हा संग्रह छापला. कागद यानिना कुबाशिक यांनी पुरवला.’ आणि यंत्र दुसऱ्या दालनात हलवणार, ते लोखंडी धूड परत पाठवणार.

हे ठीक आहे. असंच ठेव. सल्लागार मंडळाने एक अक्षर इकडचं तिकडे केलं तर मला कळव, मी मंडळाशी बोलेन. तुझं झोपेचं वाक्य काढू की ठेवू असं विचारलंस. ते तुझं आहे, तुला हवं तर ठेव. पण यंत्राबरोबर ते छापखान्याच्या दालनात जाईल, घरच्या नाही.

इतकं झाल्यावर मी फोन ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही, तूही ठेवला नाहीस. आणि मग तू एकदम, लहानपणी विचारायचास तसं, विचारलंस:

“मग त्या वर्षी कपडे कोण पिळायचं?”

मी उत्तर न देता फोन आपटला. तुला वाटलं असेल, पुन्हा रागावली. रागावलेच होते. तू छपाईचा इतिहास लिहिलास, बापावर चार भाषणं दिलीस, यंत्राचे फोटो बघितलेस, आणि हे तुझं तुला सुचू नये? यंत्र शाईने भरलेलं. त्यात कपडा घातला असता तर काळा होऊन बाहेर आला असता. धुणं तर रोज निघत होतं. तुझी चड्डी-बनियनं, माझे गिरणीतले झगे, आडोशाला बांधायच्या त्या चादरी, आणि छावणीतून आलेले तुझ्या बापाचे शर्ट, ज्यांच्या कॉलरी मला परत शिवून द्याव्या लागत.

मी पिळायचे, चारेक. बाथटबच्या कडेशी गुडघ्यांवर बसून. हातांनी.